परदेशातल्या खेड्यात राहायला जाताय? घराच्या बाबतीत या चुका टाळा

शहर सोडून परदेशातल्या खेड्यात राहायला गेलेली माणसं एकटेपणाची, अंतराची तयारी मनाशी करून जातात. पण प्रत्यक्षात त्यांना रडकुंडीला आणतं ते घर. शहरात नळाचं पाणी, सांडपाणी, वीज या गोष्टी कोणीतरी दुसरं बघत असतं. वस्तीपासून दूरच्या स्वतंत्र घरात नगरपालिका तुम्हीच असता. ही समज उशिरा आली की पहिला हिवाळा फार जड जातो. थंड हवेच्या देशांत तर जास्तच.

मैला कुठे जातो, हे न विचारणं

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. अशा बहुतेक घरांना सार्वजनिक ड्रेनेज नसतं. अंगणात सेप्टिक टँक असतो आणि त्यातलं पाणी जमिनीखालच्या भोकं पाडलेल्या पाइपांतून मातीत झिरपतं. टँकचं झाकण कुठे आहे, हे पाइप कुठून कुठे जातात आणि गाळ शेवटचा कधी उपसला, हे तीन प्रश्न किल्ल्या हातात घेण्याआधी विचारा. उत्तरं कागदावर लिहून घ्या. साधारणपणे दर तीन ते पाच वर्षांनी टँक उपसावा लागतो. माणसं जास्त किंवा टँक लहान असेल तर त्याआधीच.

एकच बेसिन तुंबलं असेल तर दोष त्या बेसिनच्या पाइपात असतो, टँकला हात लावू नका. पण घरातली सगळी मोरी-बाथरूम एकदम मंदावली, फ्लश केल्यावर दुसरीकडे गुडगुड आवाज आला, किंवा अंगणात एकाच पट्ट्यात गवत गर्द हिरवं होऊन जमीन दबदबीत लागली, तर टँक भरलाय किंवा झिरपण्याची जागा बंद होत चाललीय. अशा वेळी पाणी वापरणं थांबवा आणि उपसणाऱ्याला बोलवा. बाटलीतली जिवाणूंची पावडर टाकून गाळ काढण्याचं काम टळत नाही. वेट वाइप्सच्या पाकिटावर 'फ्लश करता येतात' असं छापलेलं असलं तरी त्या टँकमध्ये विरघळत नाहीत. स्वयंपाकाचं तेलही मोरीत ओतू नका. झिरपणाऱ्या पाइपांवरच्या जमिनीवर गाडी उभी करू नका; माती दाबली गेली की पाणी झिरपत नाही. आणि कळकळीने सांगते, झाकण उघडून आत डोकावू नका, आत उतरणं तर दूरच. त्यातल्या वायूंनी माणूस क्षणात बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला गेलेलाही वाचत नाही.

पाणी येतंय म्हणजे सगळं ठीक आहे, असं धरून चालणं

स्वतःच्या बोअरचं पाणी कोणी तपासून देत नाही. वर्षातून एकदा तरी प्रयोगशाळेत कोलिफॉर्म जिवाणू (पाण्यात घाण मिसळल्याची खूण) आणि नायट्रेट यांची तपासणी करून घ्या. घरात तान्हं बाळ असेल तर नायट्रेटची तपासणी अजिबात टाळू नका. त्याचं प्रमाण जास्त असलेलं पाणी बाळाच्या रक्तातली प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता कमी करतं. आणि ते पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट दाट होतं.

वीज गेली की पंप बंद, म्हणजे पाणीही बंद. हे पहिल्या वादळात कळण्यापेक्षा आधीच पिण्याच्या पाण्याचे कॅन भरून ठेवा, शिवाय फ्लशसाठी एक पिंप. वीज असूनही पाणी बंद झालं तर आधी पंपाचा ब्रेकर पडलाय का बघा. नळ सोडला की पंप काही सेकंदांत चालू-बंद, चालू-बंद होत असेल, तर बहुधा पाण्याचा दाब टिकवणाऱ्या प्रेशर टँकमधली हवा गेलेली असते. तसाच चालू दिला तर पंप जळतो. सडक्या अंड्यासारखा वास फक्त गरम पाण्याला येत असेल तर शंका गीझरची टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेल्या अॅनोड रॉडवर घ्या, थंड पाण्यालाही येत असेल तर बोअरवर. एवढं फोनवर नीट सांगता आलं तरी प्लंबरचा एक हेलपाटा वाचतो.

थंडीला कमी लेखणं

पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. पाइप फुटतो तो बहुतेक वेळा बर्फ आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याच्या दाबाने. म्हणून कडाक्याच्या रात्री बाहेरच्या भिंतीलगतचा नळ बारीक धारेने सुरू ठेवतात. घर बंद करून गावाला जाताना हीटिंग पूर्ण बंद करू नका, तेरा अंशांच्या आसपास ठेवा. पाइप गोठलाच तर नळ उघडा ठेवून नळाच्या बाजूकडून मागे-मागे हेअर ड्रायरने गरम करत जा. ज्योत कधीच वापरू नका. मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं, आणि तो हाताने फिरतोय ना हे उन्हाळ्यातच बघून ठेवा.

शेगडीसाठी लाकूड घेताना विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका. मोळीतला एक ओंडका फोडा आणि आतल्या ताज्या बाजूवर ओलावा मोजणाऱ्या मीटरच्या दोन टाचण्या रोवा. बाहेरून खडखडीत दिसणारा तुकडा आतून पस्तीस टक्के निघू शकतो. जाळायला वीसच्या आतला हवा. ओल्या लाकडाचा धूर धुराड्यात चिकट काजळीचा थर देतो आणि तो पेट घेतो. शेगडीची काच रोज काळी पडत असेल तर लाकूड ओलं आहे किंवा हवा कमी पडतेय. धुराडं दरवर्षी साफ करून घ्या. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून त्याचा अलार्म झोपायच्या खोलीजवळ लावाच. जनरेटर कितीही पाऊस असला तरी घरात किंवा गॅरेजमध्ये चालवू नका.

कामं आणि माणसं

धुराडं साफ करणारा, टँक उपसणारा, हीटिंगवाला यांची वेळ उन्हाळ्यातच घ्या. पहिली थंडी पडल्यावर सगळेच फोन करतात आणि तेव्हा जुन्या गिऱ्हाइकांचा नंबर आधी लागतो. कोणाला बोलवायचं हे इंटरनेटवर शोधण्याआधी शेजाऱ्याला विचारा. तुमचा टँक कोण उपसायचं, तुमच्या रस्त्यावरचा बर्फ कोण काढतं, हे त्याला ठाऊक असतं, आणि ओळखही तिथूनच वाढते. शेतातून जाताना फाटक उघडं दिसलं तर उघडं, बंद दिसलं तर बंद ठेवून जा. जनावरांचं पाणी, चारा त्यावर अवलंबून असतो.

गाडीशिवाय अशा ठिकाणी पान हलत नाही. आपल्याकडच्या परवान्यावर किती दिवस चालवता येतं, हे देशागणिक बदलतं. राहायला आल्यापासून जर्मनीत सहा महिने, ब्रिटनमध्ये बारा. परीक्षेची तारीख मिळायला वेळ लागतो, तेव्हा अर्ज पहिल्याच महिन्यात करा.

पुष्कळ घरांना नीट पत्ता नसतो आणि नकाशाचं ॲप भलत्याच शेतात नेऊन सोडतं. घराचे अक्षांश-रेखांश आणि मुख्य रस्त्यापासूनच्या खुणा स्थानिक भाषेत लिहून दाराजवळ चिकटवा. युरोपीय संघात ११२ लावलात तर पहिला प्रश्न तुम्ही कुठे आहात हाच असतो. घरात मोबाइलला रेंज कुठल्या खिडकीपाशी मिळते, तेही त्याच कागदावर लिहा.