दुपारच्या पाळीला वायफाय का अडतं? राऊटरचे पत्ते नीट कसे लावावे

नागपूरच्या नंदनवनातल्या एका ओळखीच्या अभ्यासिकेत चाळीस खुर्च्या, तीन पाळ्या. सकाळी वायफाय झकास. दुपारी आलेल्या पोट्ट्यांचे मोबाईल मात्र ‘आयपी ॲड्रेस मिळवत आहे’ एवढंच दाखवत बसायचे. मालक म्हणे, “नवीन राऊटरच घ्या लागते बाप्पा!” राऊटर ठणठणीत होतं, त्याच्याजवळचे पत्ते संपले होते.

नेटवर्कवर आलेल्या प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता, म्हणजे आकड्यांचा ओळखक्रमांक, लागतो. तो वाटायचं काम राऊटरमधलं डीएचसीपी करतं. त्याचा आजही चालणारा नियमपाठ मार्च १९९७ चा. नवा मोबाईल आल्याआल्या सगळ्यांना उद्देशून हाक मारतो: पत्ता देणारं कोणी आहे का? राऊटर एक रिकामा पत्ता पुढे करतं, मोबाईल तोच मागून घेतो, राऊटर नोंद करून होकार देतं. पण पत्ता मिळतो भाड्याने. भाड्याची मुदत म्हणजे लीज टाइम. ती निम्मी सरली की यंत्र आपणहून मुदत वाढवून मागतं.

गोम इथेच होती. राऊटरजवळ शेवटचा आकडा १०० ते १४९ असलेले पन्नासच पत्ते, आणि लीज चोवीस तासांची. सकाळची पोरं मोबाईल-लॅपटॉपसकट उठून तर्री-पोहे खायला जातात, पण मोबाईल निघताना सहसा पत्ता परत करत नाही. खोली सोडली, किल्ली खिशातच! दुपारच्यांना मग काय उरणार?

दुरुस्ती सकाळी, अभ्यासिका उघडण्याआधी करा. पत्ते संपलेले असताना तुमच्याच लॅपटॉपला पत्ता मिळायचा नाही.

१. राऊटरखालच्या स्टिकरवरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) आणि लॉगिन करा. काहीही बदलण्याआधी जुन्या सेटिंगचा फोटो काढून ठेवा.

२. लॅनच्या (म्हणजे आतल्या नेटवर्कच्या) सेटिंगमध्ये ‘डीएचसीपी सर्व्हर’ उघडा. पहिला पत्ता २० वर, शेवटचा २५० वर संपणारा ठेवा. झाले २३१ पत्ते.

३. लीज टाइम दोन तास करा. काही राऊटर मिनिटं मागतात, काही सेकंद. म्हणजे १२० किंवा ७२००. हे वाचल्याशिवाय आकडा टाकू नका. घरी माणसं तीच ती असतात, तिथे चोवीस तास राहू द्या.

४. प्रिंटरचा पत्ता बदलत राहिला तर छपाई अडते. ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’मध्ये त्याचा मॅक ॲड्रेस (यंत्राचा स्वतःचा ओळखक्रमांक) टाकून एक पत्ता राखून ठेवा.

५. वरच्या मजल्यासाठी जुनं राऊटर जोडलंय? त्याला १९२.१६८.१.२ सारखा, मुख्य राऊटरच्याच मालिकेतला पण वेगळा पत्ता द्या, त्याचं डीएचसीपी बंद करा आणि केबल त्याच्या लॅन पोर्टात घाला. एकाच नेटवर्कवर दोघं पत्ते वाटू लागले की कोणाला कोणाचा मिळेल याचा नेम नाही. ही भानगड शोधण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आहे.

६. सेव्ह करून राऊटर बंद-चालू करा. अडलेल्या मोबाईलवर ते वायफाय ‘फर्गेट’ करून पुन्हा जोडा.

दुपारी राऊटरमधली जोडलेल्या यंत्रांची यादी पाहा. पत्ते शिल्लक असूनही एखाद्या लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर त्याच्या हाकेला कोणी ओ दिलेली नाही आणि तो पत्ता त्याने स्वतःच घेतला आहे. मग आधी केबल तपासा, नंतर मुख्य राऊटरचं डीएचसीपी चुकून बंद तर झालं नाही ना, ते पाहा.