आई परदेशी, पोरगं पेठेतलं: फुटबॉलआधी कागद

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पोरगं चमकलं की घरात बुटांची चर्चा सुरू होते. त्याआधी पासपोर्ट काढून बघा. भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्टच लागतो, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) चालत नाही.

जन्म परदेशात झाला असेल तर वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद हवी. राहिली असेल तर केंद्र सरकारची परवानगी लागते. दोन्ही नागरिकत्वं असतील तर 18 पूर्ण झाल्यापासून 6 महिन्यांत परदेशी सोडावं लागतं, नाहीतर भारतीय जातं. ही तारीख कॅलेंडरवर लाल करून ठेवा.

सगळ्यात जास्त अडतं ते नावावर. आपल्या दाखल्यावर मधे वडिलांचं नाव असतं, परदेशी पासपोर्टात ते गायब. एकच पोरगं कागदावर दोन माणसं होतं. दुरुस्ती आधी जन्मदाखल्यात करा, मग बाकीचे कागद.

परदेशी क्लबात नोंद झालेली असेल तर तालमीकडून, म्हणजे इथल्या क्लबाकडून, उतरण्याआधी आयटीसी (आंतरराष्ट्रीय बदलीचा दाखला) लागतो. तो पालकांनी आणायचा नसतो, इथली संघटना तिथल्या संघटनेकडून मागवते.

दुसऱ्या देशाचं बोलावणं आलं तर सामना अधिकृत स्पर्धेतला आहे की मैत्रीपूर्ण, एवढं आधी विचारा. मैत्रीपूर्ण सामन्यानं वाट बंद होत नाही. फुटबॉलपटू रायन विल्यम्स ऑस्ट्रेलियाकडून असा सामना खेळला होता, तरी 2025 मध्ये तो भारतीय नागरिक झाला. खेळाडू वरिष्ठ संघाकडून विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत उतरला, की मात्र देश बदलता येत नाही.