पैसे घेतले, घरघंटी पाठवलीच नाही: वसुली कशी करायची

राजकोटच्या एका विक्रेत्याने घरघंटीचे १८,५०० रुपये आगाऊ घेतले आणि "आज ट्रान्सपोर्टला टाकतो, उद्या टाकतो" करत मला झुलवत ठेवलं. पुढे फोन उचलणंच बंद. ते पैसे मी साताऱ्यात बसून, वकील न लावता, जिल्हा ग्राहक आयोगातून व्याजासकट काढले. बचत गटातल्या बायका अजून विचारतात, "ताई, नेमकं काय केलंत?" म्हणून लिहिते.

आधी समोरचा खरा दुकानदार आहे का ते बघा. पत्त्यावर दुकानच नाही, जीएसटी नंबर खोटा, असं निघालं तर नोटीस कुणाला देणार? तिथे लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी कळवलं तर गोठवता येतात. दुकान खरं असेल तर पुढचं वाचा.

सगळ्यात जास्त वेळ नावावर घालवा. बिलावर असतं ते बहुधा पाटीवरचं नाव. जीएसटीच्या पोर्टलवर बिलातला नंबर टाकला की कायदेशीर नाव आणि पत्ता फुकट दिसतो. एकट्याचा धंदा असेल तर 'अमुक ट्रेडर्स, तर्फे प्रोप्रायटर तमुक' असंच लिहायचं. नुसत्या पाटीच्या नावावर आदेश झाला, तर वसुलीच्या वेळी तो माणूस हात वर करतो.

मग नोटीस. कधी, किती पैसे, कोणत्या व्यवहार क्रमांकाने दिले, काय कबूल झालं होतं, आणि १५ दिवसांत पैसे परत करा. एका पानात बसतं. शिव्याशाप नकोत. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती आणि ट्रॅकिंगची प्रिंट ठेवा, तीच नोटीस व्हॉट्सॲपवरही टाका. 'घेण्यास नकार' असा शेरा मारून लखोटा परत आला तर फोडू नका. तसाच बंद तक्रारीला जोडायचा. दरम्यान १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. काही जण तेवढ्यानेच पैसे देऊन टाकतात. आमचा त्यातला नव्हता.

तक्रारीसाठी राजकोटला जावं लागत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. मुदत २ वर्षांची, म्हणून "देतो, देतो" वर विसंबू नका. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते: तक्रार, प्रतिज्ञापत्र, बिल, बँकेचा उतारा, चॅटच्या प्रिंट. मोबाइलमधल्या पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडलेलं बरं. मागणी बेताची ठेवा: मूळ रक्कम, व्याज, त्रासाची भरपाई, खर्च. अठरा हजारांसाठी पाच लाख मागणाऱ्याकडे आयोगही जरा संशयाने बघतो, असं माझं मत.

त्यांच्या वकिलाने काढलेला मुद्दा ऐका. बाई लोकांची दळणं घेणार होती, म्हणजे व्यापारी हेतू, म्हणजे ती ग्राहकच नाही! पण पोटापाण्यासाठी स्वतः राबून करायच्या कामाला घेतलेली वस्तू कायद्याने व्यापारी धरत नाहीत. तुमचं तसं असेल तर "स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी" हे शब्द मूळ तक्रारीतच घाला.

आयोगाची नोटीस लागल्यावर समोरच्याला लेखी म्हणण्यासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढे नाही; सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तसं स्पष्ट केलंय. प्रकरण ३ महिन्यांत संपवावं असं कायदा म्हणतो. तारखा मात्र पडतात, डबा घेऊन जा.

आदेश हातात आला म्हणजे पैसे आले असं नाही. मुदतीत भरले नाहीत आणि वरच्या आयोगाची स्थगितीही नसेल, तर त्याच आयोगात कलम ७१ आणि ७२ खाली दरखास्त (आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज) द्या. ७२ मध्ये १ महिना ते ३ वर्षं कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड, नाहीतर दोन्ही आहे. या दरखास्तीची नोटीस गेली की फोन आपोआप लागतो. तेव्हा "आधी दरखास्त मागे घ्या, चेक पाठवतो" म्हणतील. चेक नको. रक्कम खात्यात दिसली, पासबुकात उतरली, की मगच पैसे मिळाल्याची पुरसिस, म्हणजे आयोगाला लेखी कबुली, द्यायची.