सॉफ्टवेअर बदलायचंय? मग आषाढात बदला

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, आधी सात वर्षं प्रीमियर प्रोवर, आता दाविंची रिझॉल्व्हवर. नवीन पोरं सारखी विचारतात, दादा कधी स्विच करू? यूट्यूबवर कोणीतरी म्हणालं म्हणून तर अजिबात नको.

मी काय माती खाल्ली ते आधी सांगतो. डिसेंबर, ऐन सीझन, तीन लग्नं पेंडिंग आणि मी अर्धा कापलेला प्रोजेक्ट एक्सएमएल (कुठला कट कुठे आहे याची यादी असलेली फाइल, दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येते) काढून रिझॉल्व्हमध्ये नेला. कट्स सगळे जागेवर आले, म्हटलं वा! मग बघतो तर ल्युमेट्रीचा, म्हणजे प्रीमियरच्या कलर टूलचा, कलर गायब, हलणारं चित्र स्थिर करणारा स्टॅबिलायझर गायब, आणि अंतरपाट खाली येतो तिथे लावलेला स्पीड रॅम्प (शॉटचा वेग कमी-जास्त करणं) असा काही बिघडला की नवरीने मान वर करायच्या आत अक्षता पडून मोकळ्या. चूक माझीच, एक्सएमएलमधून कट्स जातात पण त्या त्या सॉफ्टवेअरचे स्वतःचे इफेक्ट जातीलच असं नाही, हे आधी बघायला हवं होतं. दोन रात्री जागून जुन्यातच संपवला.

तेव्हापासून चालू प्रोजेक्ट हलवायचा नाही म्हणजे नाही. आषाढी एकादशी झाली की लग्नं थंडावतात, तुळशीच्या लग्नापर्यंत जरा श्वास घेता येतो, त्यात एखाद्या जुन्या लग्नाचं फुटेज काढायचं आणि तीन मिनिटांचा टीझर नवीन सॉफ्टवेअरमध्ये शून्यापासून कापायचा. फुटेज स्वतःच्याच कॅमेऱ्याचं घ्या, कारण विंडोजवर रिझॉल्व्हच्या फ्री व्हर्जनमध्ये काही १० बिट फाइल्स (जास्त बारीक रंग साठवणाऱ्या) चालत नाहीत, आणि ते डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी कळलं तर वाट लागते. बोटांचं टेन्शन नको, कीबोर्ड सेटिंगमध्ये प्रीमियरचे शॉर्टकट निवडता येतात.

माझं कारण कलर होतं, दोन वेगळ्या कॅमेऱ्यांचा हळदीचा पिवळा काही केल्या जुळेना. शिवाय रिझॉल्व्ह स्टुडिओ, म्हणजे पैसे देऊन घ्यायचं व्हर्जन, एकदाच विकत घ्यायचं, प्रीमियरसारखं दर महिन्याचं सबस्क्रिप्शन नाही. तुम्ही दुसऱ्याच्या स्टुडिओत कामाला असाल तर मात्र ते जे वापरतात तेच वापरा, विषय संपला.

आणि जुने प्रोजेक्ट नंतर उघडतील या भरवशावर राहू नका. २०११ मध्ये ॲपलचं एडिटिंग सॉफ्टवेअर फायनल कट प्रो एक्स आलं तेव्हा त्यात आधीच्या फायनल कट ७ चे प्रोजेक्ट उघडतच नव्हते, भलेभले एडिटर तेव्हा दुसरीकडे गेले. म्हणून जुनं सबस्क्रिप्शन बंद करायच्या आधी प्रत्येक लग्नाची एक फायनल फाइल आणि एक बिनटायटलची फाइल काढून ठेवा. सहा महिन्यांनी फोन येतोच, "अहो, त्यात मामांचं नाव चुकलंय."