ऑइल पेंटिंग शिकताय? हिरवी ट्यूब घेऊ नका, हिरवा स्वतः करा

नवीन शिकणारी बरीच पोरं पहिल्यांदाच मोठा सेट उचलतात, त्यात दोन-तीन हिरवे तयार मिळतात आणि मग सगळी झाडं त्याच हिरव्यात रंगतात. माझं एकच सांगणं, हिरवी ट्यूब घेऊच नका.

घ्यायचं काय तर टायटॅनियम व्हाइट (ही मोठी ट्यूब, लवकर संपते), लेमन यलो, यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), अल्ट्रामरीन ब्लू (गडद निळा) आणि अलिझरिन क्रिमझन (गडद लाल). बास. काळाही नको, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना पॅलेट नाइफनं (रंग मिसळायची बोथट सुरी) नीट मिसळा, काळ्याच्या अगदी जवळ जातो, त्यात थोडा व्हाइट घातला की बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीकडच्या पावसाळी ढगांचा राखाडी मिळतो, निळा वाढवला तर थंड, सिएना वाढवला तर उबदार.

आता हिरवा. ऑगस्टात खानापूर बाजूला जावा, भाताची शेतं बघा, तो कोवळा पिवळट हिरवा लेमन यलोमध्ये निळा टोकभर घालून येतो. पिवळ्यात निळा घालायचा, निळ्यात पिवळा नाही, कारण निळा फार जोरकस आहे, उलटं केलं तर अर्धी पिवळी ट्यूब संपते तरी रंग उजळत नाही. फारच भडक वाटला तर चिमूटभर सिएना, तांबूस रंग हिरव्याला लगेच शांत करतो. मागच्या जंगलाचा गडद हिरवा ऑकर आणि अल्ट्रामरीनमधून काढा, आणि लांबच्या डोंगराला त्यातच निळा-व्हाइट वाढवत जावा. बांधावरची तांबडी माती म्हणजे सिएना, ऑकर, थोडा व्हाइट, पण तिच्या सावलीत काळा घालू नका हो, मातीचा रंग मरतो, तिथं अल्ट्रामरीन आणि किंचित क्रिमझन घाला. जांभ्या दगडाच्या भिंतीलाही हेच चालतं. रंग बरोबर जमला का हे कळायला नाइफच्या टोकावर घेऊन समोरच्या वस्तूच्या रेषेत धरायचा आणि डोळे बारीक करून बघायचं, आधी उजेड-अंधार जुळतोय का, मग रंग. ही सवय मला सगळ्यात मोलाची वाटते.

थरांचं सोपं आहे, खालचा थर टर्पेंटाइननं पातळ, वरच्या थरांत जवसाचं तेल जास्त. उलटं केलं तर वरचा थर आधी वाळतो, खालचा हलत राहतो आणि पुढं चित्राला भेगा जातात. स्वयंपाकाचं तेल नको, आर्टिस्टसाठी मिळतं ते रिफाइन्ड जवसाचं तेल घ्या.

ऑइल कलर पाण्यासारखा उडून वाळत नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, म्हणून आपल्याकडच्या पावसाळ्यातल्या थंड-ओल्या हवेत वेळ लागतो. सिएना लवकर वाळतो, व्हाइट आणि क्रिमझन रेंगाळतात. चित्र कपाटात कोंडू नका, अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं, उजेड आणि वारा असलेल्या खोलीत ठेवा. वार्निशला (चित्रावर शेवटी देतात तो पारदर्शक संरक्षक थर) ६ महिने तरी थांबा, जाड थर असेल तर वर्षभर.

आणि एक, टर्पेंटाइन वापरताना खिडक्या उघड्या पाहिजेतच, आणि तेलानं माखलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, तेल सुकताना आतून गरम होतं आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात, त्या बाहेर पसरून वाळवा नाहीतर पाण्यात भिजवून झाकणाच्या डब्यात ठेवा, घरात लहान पोरं असतील तर विशेष.