सहा जणांचं लॅक्रोस: नव्याने येणाऱ्यांनी नियम कसे वाचावेत

लॅक्रोस म्हणजे टोकाला जाळी असलेल्या स्टिकने चेंडू झेलत, पास देत गोल करण्याचा खेळ, आणि सिक्सेस हा त्याचा सहा-सहा जणांचा प्रकार. तो शिकायला आलेले बहुतेक जण आधी स्टिकबद्दल विचारतात. कोणती घ्यावी, पॉकेट, म्हणजे चेंडू बसतो ती जाळी, किती खोल असावं, चेंडू न पडता पळता यायला किती दिवस लागतात. मी त्यांना आधी नियम समजून घ्यायला सांगते, कारण सरावात घाम कुठे गाळायचा हे या प्रकारात नियमच ठरवतात. काही वर्षं मी हा खेळ खेळले, आता जास्त करून शिट्टी घेऊन मैदानावर असते. दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे: सिक्सेसचा जवळपास प्रत्येक नियम खेळाडूची लपायची एकेक जागा काढून घेतो.

ढोबळ चौकट अशी. मैदानात एका बाजूचे सहा जण, त्यात एक गोलकीपर. संघात एकूण बारा. मैदान ७० मीटर लांब आणि ३६ मीटर रुंद. आठ-आठ मिनिटांची चार क्वार्टर, म्हणजे ३२ मिनिटांचा खेळ. मोठ्या मैदानावरच्या पुरुषांच्या लॅक्रोसमध्ये एका बाजूला दहा जण असतात, मैदान साधारण १०० बाय ५५ मीटर आणि सामना ६० मिनिटांचा. गोलची चौकट मात्र दोन्हीकडे तीच, १.८३ मीटर उंच आणि तेवढीच रुंद. मैदान लहान झालं, माणसं कमी झाली, पण गोल तेवढाच राहिला. त्यामुळे गोल भरपूर होतात, आणि गोलकीपर होऊ पाहणाऱ्याने हे मनाशी आधीच धरून ठेवावं. एका सामन्यात दहा-पंधरा गोल खाऊनही तो उत्तम खेळलेला असू शकतो.

जागतिक संघटनेने हा प्रकार २०२१ मध्ये सिक्सेस या नावाने पुढे आणला. कमी खेळाडूंत संघ उभा राहावा, जास्त देशांना उतरता यावं आणि ऑलिंपिकमध्ये बसावा, हा त्यामागचा विचार. लॅक्रोस १९०४ आणि १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये पदकांसाठी खेळलं गेलं होतं, दोन्ही वेळा सुवर्ण कॅनडाकडे गेलं. त्यानंतर १९२८, १९३२ आणि १९४८ मध्ये ते फक्त प्रदर्शनापुरतं होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये लॉस एंजेलिस २०२८ साठी सिक्सेसला मान्यता मिळाली. आज शिकायला येणाऱ्या तरुणांच्या डोळ्यांत ते वर्ष दिसतं, आणि मला त्याचा मनापासून आनंद होतो.

आता या खेळाच्या काळजाकडे येऊ. ते म्हणजे ३० सेकंदांचं शॉट क्लॉक. चेंडूचा ताबा मिळाला की ३० सेकंदांत गोलवर शॉट घ्यायचा, नाहीतर चेंडू समोरच्यांना. कबड्डी खेळलेल्यांना हा हिशोब चटकन उमगतो, कारण चढाईलाही ३० सेकंदच मिळतात आणि चढाईपटूच्या डोक्यात घड्याळ आपोआप चालू असतं. तसंच घड्याळ इथे पाचही जणांच्या डोक्यात एकाच वेळी चालायला हवं. माझ्या अनुभवात ते ३० सेकंद साधारण असे जातात. गोलकीपरने शॉट अडवला, पहिला पास बाहेर गेला, चेंडू समोरच्या अर्ध्यात पोहोचला, तोवर सहा-सात सेकंद गेले. दमलेले एक-दोघे बाहेर जाऊन ताजे आत येईपर्यंत आणखी तीन-चार. म्हणजे जमवून केलेल्या आक्रमणाला वीसच्या आतबाहेर उरतात. त्यातले शेवटचे पाच तर बचाव करणाऱ्यांच्याच मालकीचे, कारण आता शॉट येणार हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

म्हणून नव्या संघाला मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते: पहिले दहा सेकंद फुकट घालवू नका. यामागे साधं गणित आहे. अर्ध्या मैदानाचं क्षेत्रफळ १२६० चौरस मीटर. त्यात आक्रमणाचे पाच, बचावाचे पाच आणि गोलकीपर असे अकरा जण जमले की मोकळी जागा शोधावी लागते. तेच, बचाव करणारे परत येत असतानाच चेंडू पुढे गेला तर तिघांसमोर दोघे किंवा दोघांसमोर एकटा अशी संधी मिळते. सिक्सेसमधले सगळ्यात सुंदर गोल मला याच काही सेकंदांत पाहायला मिळाले आहेत. आणि सेकंद संपतच आले असतील तर हताश होऊन कुठूनही मारण्यापेक्षा चेंडू दूरच्या कोपऱ्यात सोडून पाचही जणांनी मागे पळणं शहाणपणाचं. ताबा तसाही जाणारच आहे, निदान समोरच्यांना लांबून सुरुवात करावी लागेल.

दुसरा मोठा बदल गोलनंतरचा. मोठ्या मैदानावर गोल झाला की मध्यावर पुन्हा फेस-ऑफ होतो, सगळे श्वास घेतात, जागा लावून घेतात. सिक्सेसमध्ये फेस-ऑफ फक्त क्वार्टरच्या सुरुवातीला. पुरुषांच्या सामन्यात दोघे जमिनीवर वाकून चेंडूसाठी झटतात. महिलांच्या सामन्यात उभ्याने दोन स्टिकांमध्ये चेंडू धरून ड्रॉ घेतात. गोल झाला की गोलकीपर जाळ्यातून चेंडू काढतो आणि क्रीजमधूनच, म्हणजे गोलभोवतीच्या वर्तुळातूनच, खेळ पुढे सुरू करतो. गोल केलेल्या खेळाडूने दोन्ही हात वर करून जल्लोष करायचा ठरवला, तर तेवढ्यात त्याने अडवायचा तो खेळाडू त्याला मागे टाकून धावत सुटलेला असतो. आनंद जरूर साजरा करा, पण मागे पळत पळत. या नियमाने फेस-ऑफचा खास खेळाडू ही भूमिकाच जवळजवळ संपवली. मोठ्या लॅक्रोसमध्ये एकेका संघाचं अख्खं तंत्र त्या एका माणसावर उभं असायचं. इथे सामन्यात हमखास फेस-ऑफ चारच. त्यासाठी बारांपैकी एक जागा अडवून ठेवणं परवडत नाही.

लांब स्टिकचंही तसंच. मोठ्या मैदानावरच्या पुरुषांच्या लॅक्रोसमध्ये बचावाचे काही खेळाडू दीड मीटरहून लांब स्टिक वापरतात आणि दुरूनच चेंडू झटकतात. सिक्सेसमध्ये गोलकीपर सोडून सगळ्यांच्या हातात आखूड स्टिक, पुरुषांची साधारण १०१ ते १०७ सेंटिमीटरची. बचाव करायचा तर पावलांनीच करावा लागतो. समोरच्याच्या कमरेकडे बघत, आडव्या पावलांनी सरकत, त्याला गोलपासून बाहेरच्या रेषेकडे ढकलत न्यायचं. नवखे खेळाडू स्टिकने चेंडूवर वार करायला जातात, तोल जातो आणि माणूस निघून जातो. रुंदी ३६ मीटरच असल्यामुळे बाहेरची रेषा नेहमी जवळ असते. ती तुमची बचावातली सहावी सोबती आहे, तिचा वापर करा.

मोठ्या मैदानावर ऑफसाईडचा नियम असतो, ठरावीक खेळाडूंना ठरावीक अर्ध्यातच थांबावं लागतं. सिक्सेसमध्ये तो नाही. पाचही जण पुढे जाऊ शकतात, आणि मग पाचही जणांना मागे यावं लागतं. "मी फक्त आक्रमणाला खेळतो" असं म्हणणाऱ्याला इथे जागा नाही. या प्रकारात पाय टिकवण्यासाठी उड्या मारण्यापेक्षा वीस-तीस मीटरच्या वेगवान धावा आणि लगेच उलट दिशेला वळण्याचा सराव जास्त कामी येतो.

बदली खेळाडूंचा नियम वाचायला एका ओळीचा, पण नव्या संघांचे सर्वाधिक फाउल मी इथेच पकडते. बदली खेळ चालू असतानाच होते, ठरलेल्या जागेतूनच होते, आणि बाहेर येणारा पूर्ण बाहेर आल्याशिवाय आत जाणाऱ्याने पाऊल टाकायचं नाही. घाईत सातवा माणूस आत शिरतो आणि हातातला चेंडू जातो. उपाय सोपा आहे. बाहेर येणाऱ्याने धावत रेषा ओलांडायची, चालत नाही, आणि आत जाणाऱ्याने त्याच्या पायाकडे बघायचं, चेंडूकडे नाही.

क्रीज म्हणजे गोलभोवतीचं वर्तुळ, त्रिज्या तीन मीटरच्या आसपास. आक्रमण करणाऱ्याने त्यात पाय ठेवायचा नाही, शॉटनंतर तोल जाऊनही नाही. आत चेंडू धरलेल्या गोलकीपरला किंवा त्याच्या स्टिकला हात लावायचा नाही. गोलकीपरलाही आत चेंडू धरून बसता येत नाही, काही सेकंदांत तो सोडावाच लागतो.

सुरक्षेबद्दल मी जरा कडक आहे. चेंडू भरीव रबराचा असतो, वजन १४२ ते १४९ ग्रॅम. तो वेगाने येऊन लागला तर हाड मोडू शकतं. पुरुषांना हेल्मेट, हातमोजे, खांद्याचं संरक्षण आणि माउथगार्ड लागतं. महिलांच्या खेळात अंगाला भिडण्यावर बरीच बंधनं आहेत आणि डोळ्यांचं संरक्षण व माउथगार्ड लागतं. गोलकीपरला दोन्हीकडे हेल्मेट, गळ्याचं आणि छातीचं संरक्षण हवंच. "आज नुसता सराव आहे" म्हणून माउथगार्ड न घालता आलेल्याला मी रेषेबाहेर उभं करते, मग तो कितीही चांगला खेळाडू असो. शिक्षेचा परिणामही या मैदानावर फार जड असतो. एक जण बाहेर गेला की पाच धावणाऱ्यांतले चारच उरतात. मोठ्या मैदानावर नऊतला एक गेल्यावर जे जाणवतं, त्याच्या जवळपास दुप्पट इथे जाणवतं. चिडून केलेला एक स्टिकचा फटका तुमच्या चार साथीदारांना धापा टाकायला लावतो.

हे सगळं एकदम अंगात येत नाही. त्यासाठी मी नव्यांना थेट सहा विरुद्ध सहा खेळवत नाही. आधी तीन विरुद्ध तीन, गोलकीपरशिवाय, छोट्या गोलवर, मऊ चेंडूने, अंगाला न भिडता. मैदान बास्केटबॉलच्या कोर्टाएवढं पुरतं. माझे नियम असे: चेंडू मिळाल्यावर दोन पास झाल्याशिवाय शॉट नाही, म्हणजे एकच तरबेज खेळाडू सगळं उरकत नाही. चेंडू जमिनीवर पडला की त्यावर स्टिक झाकून ठेवायची नाही, स्टिक जमिनीलगत खाली नेऊन, पळता पळता उचलायचा. गोल झाला की गोल खाल्लेल्यांनी लगेच मागून सुरुवात करायची, कोणाचीही वाट बघायची नाही. बाहेर बसलेल्यांपैकी एकाने मोठ्याने तीस सेकंद मोजायचे. हे मोजायचं काम मी आळीपाळीने सगळ्यांना देते, कारण ज्याने दहा वेळा तीसपर्यंत मोजलं आहे त्याला ती लांबी नंतर न मोजताही कळते. ते जमलं की चार विरुद्ध चार, मग गोलकीपर, मग खरा चेंडू आणि सगळी साधनं.

दोन पासच्या नियमावर मुलं कुरकुर करतात. मी तो तरीही सोडत नाही. लहान मैदानावर ज्याला झेल घेता येत नाही त्याला नवे साथीदार पास देणं बंद करतात आणि मग त्याला झेल कधीच येत नाही. नियमाने त्याच्याकडे चेंडू जायलाच हवा. शिवाय घरी भिंतीवर चेंडू मारून दोन्ही हातांनी झेलण्याचा रोजचा सराव हवा. कमकुवत हाताला दुप्पट वेळ द्या, कारण अरुंद मैदानात बचाव करणारा तुम्हाला नेमका त्याच बाजूला वळवणार.

आक्रमणात भरपूर पिक लावले जातात, म्हणजे साथीदाराच्या बचावपटूच्या वाटेत स्थिर उभं राहायचं. स्थिर हा शब्द महत्त्वाचा. बचावपटू येऊन धडकताना तुम्ही सरकत असाल किंवा स्टिक पुढे केली असेल तर तो फाउल. ही पद्धत बॉक्स लॅक्रोसमधून आली आहे. कॅनडात १९३० च्या दशकात बर्फ काढलेल्या हॉकीच्या बंदिस्त रिंगणात ते रुजलं, तिथेही सहाच जण आणि ३० सेकंदच. सिक्सेस समजून घ्यायचं तर बॉक्सचे सामने पाहावेत असं मी सांगते. त्यांच्याइतकं अरुंद जागेत पास देणं दुसरीकडे क्वचितच दिसतं.

ज्यांना पंच व्हायचं आहे त्यांनी शिट्टीपासून सुरुवात करू नये. आधी टेबलावर शॉट क्लॉक सांभाळा. ताबा नेमका कधी बदलला हे ठरवण्याची नजर तिथे तयार होते, आणि पुढे मैदानात अर्धे निर्णय त्याच नजरेवर उभे असतात. मग धावफलक आणि शिक्षेची वेळ, मग सरावाच्या सामन्यात शिट्टी. चेंडू दुसऱ्या पंचाच्या बाजूला असेल तेव्हा तुम्ही चेंडू बघू नका, बाकीचे बघा. पिक, धरणं, क्रीजमधला पाय, हे सगळं चेंडूपासून लांब घडतं. नियमांचं पुस्तक दर हंगामाआधी नव्याने वाचा, कारण हा प्रकार तरुण आहे आणि त्यात दुरुस्त्या होत असतात.

शेवटी एक गोष्ट, जी मी प्रत्येक नव्या गटाला पहिल्याच आठवड्यात सांगते. हा खेळ उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा आहे. लिखित नियम १८६० च्या दशकात माँट्रियलमध्ये झाले, पण त्या मूळ रहिवाशांपैकी हौडेनोसौनी लोक त्याच्या कितीतरी आधीपासून तो प्रार्थना म्हणून, उपचार म्हणून खेळत आले आहेत. जागतिक स्पर्धांत ते स्वतःच्या झेंड्याखाली उतरतात. २०२२ च्या वर्ल्ड गेम्ससाठी, म्हणजे ऑलिंपिकबाहेरच्या खेळांच्या जागतिक स्पर्धेसाठी, जिथे सिक्सेस खेळलं गेलं, त्यांना सुरुवातीला वगळण्यात आलं होतं. तेव्हा आयर्लंडच्या पुरुष संघाने आपली जागा सोडली आणि हौडेनोसौनी खेळले. ऑलिंपिकमध्ये संघ राष्ट्रीय ऑलिंपिक समित्यांमार्फत येतात आणि हौडेनोसौनींची तशी मान्यताप्राप्त समिती नाही, म्हणून २०२८ च्या बाबतीत तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. मला वाटतं, ज्यांनी हा खेळ जगाला दिला त्यांच्याशिवाय ती स्पर्धा अपुरी राहील, आणि हे मी कोणत्याही गटासमोर बोलायला कचरत नाही.