कमोडोर ६४ ची किंमत घालवणारी ‘दुरुस्ती’: या चुका टाळा

कमोडोर ६४ हा जुना घरगुती कॉम्प्युटर आणायचा, उघडायचा, जुनं दिसेल ते उपटून नवं बसवायचं आणि ‘पूर्ण रिस्टोअर केलेला’ म्हणून चढ्या भावाने विकायला ठेवायचा, हा उद्योग आता पुरे. १९८२ ते १९९४ या काळात ही मशीन लाखोंनी विकली गेली. नुसतं चालू मशीन काही दुर्मीळ नाही. जास्तीचे पैसे मिळतात ते खोका, बुडाखालचं लेबल, बोर्ड आणि चिपा एकमेकांशी जुळल्या तर. म्हणून आधी ठरवा, कोणता भाग मशीनची ओळख आहे आणि कोणता झिजून जाणारा माल.

मूळ आहे म्हणून जुना पॉवर सप्लाय जोडणं

या चुकीला तोड नाही. नेहमीचा प्रसंग असा: माळ्यावरून खोक्यासकट मशीन निघतं. खोक्यावरचा आणि बुडाखालचा सीरियल नंबर एकच, स्क्रूवरचं वॉरंटीचं सील शाबूत. मालकाला दम धरवत नाही, तो मूळ सप्लाय लावतो. निळा पडदा येतो, ३८९११ बाइट मोकळे असल्याचं दिसतं, फोटो काढून होतात. अर्ध्या तासाने चित्र गोठतं आणि पुढच्या वेळी पडदा काळा. मग सील फाडून, स्वस्तातल्या सोल्डरिंग आयर्नने रॅमच्या चिपा उपटल्या जातात आणि त्यांच्याबरोबर बोर्डवरचे तांब्याचे पॅडही निघून येतात. सकाळी संग्राहकाच्या लायकीचं असलेलं मशीन संध्याकाळी सुट्या भागांच्या भावात.

कारण साधं आहे. हा सप्लाय आतून इपॉक्सीने, म्हणजे घट्ट होणाऱ्या राळेने, भरलेला असतो, उष्णता बाहेर पडत नाही. आतला व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर निकामी झाला की ५ व्होल्टची लाइन वर चढते आणि पहिला बळी रॅमच्या ४१६४ चिपांचा जातो. मल्टिमीटरने सप्लायच्या प्लगच्या पिन ५ आणि २ मध्ये डीसी व्होल्टेज मोजा, ५.२५ च्या वर असेल तर तो सप्लाय बाद. बरोबर आकडा आला तरी निश्चिंत होऊ नका, कारण दोष बऱ्याचदा गरम झाल्यावर, लोडवर असतानाच उघड होतो. मूळ सप्लाय खोक्यात ठेवा, ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी बांधा आणि मशीन चालवायला नवा घ्या. संचाची किंमतही राहते, रॅमही.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून मशीन आलं असेल तर त्याचा सप्लाय १२० व्होल्टचा असतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला थेट लावला की पुढचं काही तपासायची गरज उरत नाही.

काढलेले भाग कचऱ्यात टाकणं

मूळ चिपांना भाव आहे, सगळ्यात जास्त सिड या आवाजाच्या चिपला. तिच्या दोन आवृत्त्या, ६५८१ आणि ८५८०. ६५८१ बिघडली म्हणून आधुनिक पर्याय बसवला तर हरकत नाही, पण बिघडलेली चिप अँटिस्टॅटिक पिशवीत मशीनबरोबरच राहिली पाहिजे. ‘६५८१ काय, ८५८० काय, सिडच ना’ म्हणत अदलाबदल करू नका: ६५८१ ला १२ व्होल्ट लागतात, ८५८० ला ९. स्वस्त मिळालेल्या ६५८१ वर भाळू नका. घासून नवा छाप मारलेल्या चिपा सर्रास विकल्या जातात.

एमओएस या कमोडोरच्याच चिप-कंपनीच्या चिपांवरचा चार आकडी तारीखकोड आधी आठवडा आणि मग वर्ष असा वाचतात: ३१८४ म्हणजे १९८४ चा एकतिसावा आठवडा. इतर कंपन्या बहुधा उलट, आधी वर्ष लिहितात. नवशिके इथेच गोंधळून चांगल्या मशीनवर शंका घेतात. सगळे कोड काही महिन्यांच्या अंतरात असतील तर उत्तम. एखादाच पुढचा असला तर ती त्या काळातली सर्व्हिस सेंटरची दुरुस्तीही असू शकते. भाव थोडा पाडून मागा, विक्रेत्याला लबाड ठरवू नका.

चिप सॉकेटमध्ये नसेल, थेट बोर्डाला सोल्डर केलेली असेल आणि ती मेल्याची खात्री असेल, तर पाय कापून एकेक काढा. मेलेल्या चिपपेक्षा बोर्ड महाग.

बाकीच्या चुका

चिप थंड ठेवणारा धातूचा तुकडा, म्हणजे हीटसिंक, इपॉक्सीने चिकटवू नका. तारीखकोड कायमचा झाकला जातो आणि ओढून काढताना चिप फुटते.

पिवळा पडलेला डबा पेरॉक्साइडने उजळवता येतो, पण उन्हात अर्धवट लेप वाळला की पट्टे पडतात आणि पिवळेपणा पुन्हा येऊ शकतो. लेबलवर लेप गेला तर संपलंच. माझं मत विचाराल तर साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश पुरे.

कपॅसिटर सरसकट बदलू नका. कमोडोर ६४ चे सहसा टिकतात. अमिगा १२०० किंवा मॅकिंटॉश एसई/३० या दुसऱ्या जुन्या कॉम्प्युटरांचं उलट आहे. तिथले बोर्डावर सपाट बसवलेले कपॅसिटर गळतात आणि ते ‘मूळ’ म्हणून तसेच ठेवणं हाच मूर्खपणा. अमिगा २००० ची बॅटरी तर घरी आल्या दिवशीच कापून काढा. गळलेला द्रव अल्कधर्मी असतो, म्हणून पांढरं व्हिनेगर, मग डिस्टिल्ड पाणी, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. खाण्याचा सोडा इथे काहीच कामाचा नाही.

चंदेरी लेबलचा १९८२ च्या सुमाराचा कमोडोर महाग मिळतो, म्हणून चंदेरी लेबलच्या डब्यात नंतरचा बोर्ड घालून विकणारे भेटतात. मागचं व्हिडिओचं सॉकेट बघा. त्या सुरुवातीच्या, ३२६२९८ क्रमांकाच्या बोर्डावर ते पाच पिनांचं असतं. आठ पिना दिसल्या तर बोर्डाचा फोटो मागा, आणि तो मिळेपर्यंत पैसे पाठवू नका.